गणपतीपुळ्याला चार दिवस, त्यातला एक कातळशिल्पांना द्यायचाय, गाईड घ्यावा का?

डोंबिवलीचा_दादा

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पुळ्याला चाललोय, आम्ही दोघं, दोन पोरं, आई आणि बायकोचा भाऊ जो न्यूजर्सीहून आलाय. रूम बीचला लागून मिळालीये त्यामुळे पोरांचा प्रश्न मिटला, त्यांना वाळू आणि लाटा मिळाल्या की आईबाप लागत नाहीत. पण मला सकाळी समुद्र दुपारी मासे संध्याकाळी परत समुद्र असं चार दिवस झेपत नाही, दुसऱ्याच दिवशी मी मोबाईल काढून ऑफिसचे मेल बघायला लागतो आणि मग घरात भांडण. म्हणून एक दिवस रत्नागिरीजवळची कातळशिल्पं बघावी म्हणतोय.

आता खरं कारण सांगतो. मेहुणा मागच्या वर्षी मेक्सिकोला कॅनकूनला बीच व्हेकेशनला जाऊन आला आणि तिथून एक दिवसाची टूर घेऊन चिचेन इत्झा बघून आला, ते माया लोकांचं पिरॅमिडवालं. तेव्हापासून जेवायला बसलं की तेच. सकाळी सातला एसी बस हॉटेलच्या दारात, माईकवर बोलणारा गाईड, बुफे, मधे एका विहिरीसारख्या कुंडात पोहणं आणि मग तो पिरॅमिड. वर शेवटी ठरलेलं वाक्य, आपल्याकडे बीचला गेलं की असं काही बघायला नसतं रे. मी पण बोलून बसलो की तुझ्या पिरॅमिडच्या कितीतरी हजार वर्षं आधीचं काम आमच्या कोकणात उघड्यावर पडलंय. तो म्हणाला दाखव.

तर प्रश्न असा की तशी एक दिवसाची टूर इथे मिळते का, गाईड लागतोच का की गुगल मॅपवर पिन टाकून जाता येतं, आणि एका दिवसात किती ठिकाणं होतात? आईचे गुडघे दुखतात, पोरं सात आणि अकरा वर्षांची आहेत.

सड्यावरचा

एसी बस आणि बुफे विसरा. मी रत्नागिरीतला आहे, बरेचदा पाहुण्यांना घेऊन जातो म्हणून सांगतो.

पिन टाकून जाता येतं, पोचता पण येतं, पण पोचल्यावर दिसत नाही ही खरी गंमत आहे. ही चित्रं उभी नाहीत, जमिनीवर आडवी कोरलेली आहेत, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावर, आणि रेघांची खोली बऱ्याच ठिकाणी बोटाच्या दोन पेरांएवढी पण नाही. मी लोकांना चित्राच्या मधोमध उभं राहून कुठाय कुठाय विचारताना बघितलंय. त्यात भर दुपारी गेलात तर ऊन डोक्यावर, रेघेत सावलीच पडत नाही, सगळा कातळ एकसारखा तपकिरी काळा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की तीच रेघ काजळ घातल्यासारखी उठते. म्हणून वेळ पहिली, गाईड दुसरा, गाडी तिसरी.

गाईड घ्याच. काही ठिकाणी दगडी कठडा, पाटी वगैरे झालंय, बाकी बरीच चित्रं लोकांच्या खाजगी जागेत आहेत, तिकीट खिडकी वगैरे प्रकार नाही, तेव्हा गावातला माहितगार बरोबर असलेला बरा. रत्नागिरीत निसर्गयात्री संस्थेची मंडळी आहेत, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे, त्यांनी नोकरीधंदे सांभाळून वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही चित्रं शोधलीत. आधी मोजकीच माहीत होती, आता आकडा हजाराच्या वर गेलाय. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत गेले, कारण त्यांनाच माहीत होतं, गावात म्हणायचे पांडवांनी एका रात्रीत काढलंन्. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव गेलं, त्यात उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी ठिकाणं आहेत. तुमच्या रिसॉर्टवाल्याला आधीच सांगा की माहितगार माणूस हवाय, नुसता ड्रायव्हर नको, हे दोन वेगळे आहेत.

किती ठिकाणं म्हणाल तर दोन. फार तर तीन. त्याच्यापुढे पोरं गाडीतून उतरणार नाहीत. उत्तरेची बाजू धरलीत तर निवळी, जांभरुण, उक्षी, पुळ्याहून ही जवळ पडतात. उक्षीचा हत्ती खऱ्या हत्तीएवढा आहे आणि भोवती कठडा बांधलाय त्यामुळे वरून अख्खा दिसतो, नवख्याने तिथून सुरुवात करावी असं माझं मत. दक्षिणेची बाजू म्हणजे कशेळी आणि देवीहसोळ, लांब आहे पण रस्ता भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, गावखडी असा समुद्र धरून जातो. दोन्ही बाजू एका दिवसात करू नका, करून देतो म्हणणारे भेटतील.

सरळबोल्या

मी स्पष्ट बोलतो राग मानू नका. आम्ही गेलो होतो फॅमिलीसकट, गाडीवाल्याने पॅकेजमध्ये कातळशिल्प असं घातलेलं. साडेबाराला नेऊन सोडलं, उन्हाने पाय भाजले, त्याने हात करून तिकडे आहे बघा असं सांगितलं आणि स्वतः गाडीत एसी लावून बसला. दगडावर रेघा. एक माणसासारखं काहीतरी. दहा मिनिटांत परत. बायको म्हणाली यापेक्षा आरे-वारेच्या बीचवर तास काढला असता. एवढी हवा का करतात कळलं नाही. तुमचा मेहुणा चिचेन इत्झा बघून आलाय, त्याला हे दाखवून हसं करून घ्याल.

वर्गशिक्षिका

सरळबोल्या, साडेबारा वाजता आणि न बोलणाऱ्या माणसाबरोबर ताजमहाल पण दहा मिनिटांतच उरकतो हो.

मी किनाऱ्यावरच्या एका गावातल्या शाळेत शिकवते, आमची मुलं बरीचशी मच्छीमारांची. सहावी सातवीची मुलं घेऊन गेलो होतो सकाळी लवकर, डबे बरोबर. ज्यांनी माहिती सांगितली ते गृहस्थ हुशार होते, त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही, मुलांना गोल उभं केलं, सुकलेली पानं केरसुणीने हलकेच बाजूला केली आणि म्हणाले ओळखा. मोठी माणसं गप्प, आम्ही शिक्षक सुद्धा, कोणी म्हणे पतंग कोणी म्हणे ढाल. एका पोराने वाकून शेपटीच्या रेघेवरून बोट फिरवलं, म्हणजे हात न लावता वरून, आणि म्हणाला बाई ही पाकट आहे, शेपटीला काटा बघा कुठे काढलाय. रोज घरी टोपलीत पाकट मासा बघणारं पोर ते. मग जी काही धमाल झाली, कासव, मुशी, मासे, प्रत्येकाला आपापला सापडायला लागला, आणि घरी परत जायचं तर बसमध्ये चढेनात.

आणि मग त्यांनी गेंडा दाखवला. कोकणात गेंडा? हीच तर मेख आहे. काही ठिकाणी पाणघोड्यासारखं चित्र पण आहे म्हणतात. ज्याने काढलं त्याने तो प्राणी बघितला असणार किंवा बघितलेल्याकडून ऐकलं असणार, आणि आज कोकणात तो नाही, त्यावरून काळ किती मागे जातो याचा अंदाज मुलांना आपोआप आला, मला फळ्यावर काळरेषा काढावी लागली नाही. उलट धान्य, शेती, नांगर असलं काही या चित्रांत दिसत नाही, सगळे प्राणी, मासे आणि माणसं, म्हणून अभ्यासक म्हणतात की शिकार करून जगणाऱ्या लोकांचं काम असावं.

तुमची सात अकराची पोरं म्हणजे अगदी बरोबर वय आहे. फक्त चप्पल बूट चित्राच्या बाहेर काढायला लावा आणि खडू, रांगोळी, पांढरी पावडर घालून रेघा उठवून फोटो काढायचा मोह कोणाला झाला तर हात धरा. जांभा मऊ असतो, झिजतो.

बोटीवरला

मेक्सिकोचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी नुसता वाचतो. मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा, क्रूझवर गॅलीत म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात आहे. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला बोट लागली की क्रूला कधी कधी शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरायची सुट्टी मिळते, तिथून फेरीने प्लाया देल कार्मेन आणि तिथून व्हॅनने तुलूमला, म्हणजे माया लोकांच्या समुद्रकाठच्या जुन्या शहरात गेलोय, चिचेन इत्झा नंतर रजेवर असताना केलं. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

पहिलं म्हणजे मेहुण्यांना विचारा की पिरॅमिडवर चढलात का. नाही चढले, कारण चढायला बंदी आहे, बरीच वर्षं झाली. खालूनच बघायचा. आता गाईड नसेल तर तो काय आहे, चारी बाजूंनी पायऱ्या असलेला मोठा दगडी डोंगर, पाच मिनिटं फोटो आणि मग टोप्या विकणाऱ्यांची रांग, ते जॅग्वारचा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या कानात वाजवतात. गाईड असला की तो पायऱ्या मोजायला लावतो, एका बाजूला ९१, चार बाजू म्हणजे ३६४, वरचा चौथरा धरून ३६५, वर्षाचे दिवस. मग सांगतो की मार्च आणि सप्टेंबरात दिवस रात्र सारखे होतात तेव्हा संध्याकाळचं ऊन असं पडतं की कठड्यावर सापाची सावली खाली उतरताना दिसते. मग पायथ्याशी टाळी वाजवायला लावतो, वरून पक्ष्याच्या चिरक्यासारखा आवाज परत येतो. म्हणजे तिथेसुद्धा सगळा खेळ उन्हाच्या तिरपेपणाचा आणि सांगणाऱ्याचाच आहे, सड्यावरचा म्हणाले तेच.

आमचा गाईड स्वतः माया होता, घरी माया भाषाच बोलतो म्हणाला. हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं ते लोक संपले. संपले नाहीत, लाखोंनी आहेत, शहरं सोडली एवढंच.

तुलूम मला जास्त आवडलं, कदाचित मी किनाऱ्याचा म्हणून. तीन बाजूंनी तटबंदी, चौथ्या बाजूला कडा आणि खाली समुद्र, बघितल्याबरोबर वाटलं की हे आपल्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या जातीतलं आहे. होतंच ते बंदर, होड्यांतून माल यायचा जायचा, ग्वाटेमालाकडची काळी काच म्हणजे ऑब्सिडियन पण यायची. स्पॅनिश लोक आले तेव्हा तिथे माणसं राहत होती. आणि मेहुणा ज्या कुंडात पोहला त्याला सेनोटे म्हणतात, तो सगळा भाग चुनखडीचा, पावसाचं पाणी खाली मुरतं, वर नदी जवळपास नाहीच, छत कोसळलं की खालचं पाणी उघडं पडतं आणि प्यायला तेच. गावंच्या गावं त्या पाण्याच्या आधाराने वसली.

आता जुनं कोण यावर वाद घालणार असाल तर तारखा नीट घ्या. चिचेन इत्झाचा भर साधारण नवव्या ते अकराव्या शतकातला. तेव्हा आपल्याकडे कोकणात शिलाहार राजे होते, अंबरनाथचं देऊळ १०६० चं. म्हणजे तो पिरॅमिड फार पुरातन वगैरे नाही, आपल्या जुन्या देवळांच्या बरोबरीचा. तुम्ही कशेळीला गेलात तर तिथल्या कनकादित्याच्या देवळाला शिलाहार भोज राजाने दिलेला ११९१ चा ताम्रपट आहे, तो काळ जवळजवळ तुलूमचा. कातळशिल्पं त्याच्या कितीतरी मागची, दहा बारा हजार वर्षं असा अंदाज सांगतात.

पण एक फरक मेहुण्यासमोर प्रामाणिकपणे मान्य करा. माया लोकांनी दगडावर तारखा कोरल्या, राजांची नावं कोरली आणि ती लिपी आता बरीचशी वाचता येते. आपल्या सड्यावर अक्षर नाही. कार्बन डेटिंग करायला लाकूड, हाड, कोळसा असं काही लागतं, नुसत्या दगडातल्या खोबणीला ते लागू पडत नाही, त्यामुळे काळ प्राण्यांवरून आणि आसपास सापडलेल्या दगडी हत्यारांवरून काढलेला आहे. तिथला गाईड सांगतो अमुक साली अमुक राजा. इथला गाईड चांगला असेल तर म्हणेल असं असावं. नक्की नक्की करणारा भेटला की समजा पुस्तक न वाचता आलाय. बारसूला मधे माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ असं चित्र आहे, सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवर पण दोन वाघांना धरलेला माणूस आहे, त्यावरून लोक काय काय गोष्टी रचतात, ऐकायच्या, मान डोलवायची.

मालवणी_झील

रत्नागिरीचीच सगळी सांगतत, आमच्या सिंधुदुर्गाक कोण इचारीत नाय. मालवण तालुक्यात कुडोपीक या, गावातली माणसा त्या जागेक बाहुल्यांचो टेंब म्हणतत, आजये पणजेपासून म्हणतत. पुळ्यासून लांब पडतला तां खरा, पण पुढच्या खेपेक तारकर्लीक या आणि तिथसून करा. वाटेत राजापुराकडे देवाचे गोठणेक थांबा, थय माणसाच्या चित्राकडे होकायंत्र ठेवला तर सुई भलतीकडेच जाता. मोबाईलमधला कंपास पण चालता. तुमच्या अमेरिकेच्या पावण्याक ह्या दाखवा, पिरॅमिड इसरात.

डोंबिवलीचा_दादा

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. बोटीवरला भाऊ, तुमचं पोस्ट बायकोने मेहुण्याला वाचून दाखवलं, तो पिरॅमिडवर चढला नव्हता हे कबूल झालंय आणि आता तोच म्हणतोय कशेळीला जाऊ. त्याला तो ताम्रपटाचा मुद्दा फार लागला, रात्री बसून शिलाहार शोधत होता.

तर दक्षिणेची बाजू धरतो, कशेळी आणि देवीहसोळ. दोन शंका. आई सड्यावर चालू शकेल का? आणि जेवणाचं काय, कारण त्या बाजूला गाडीतून जाताना हॉटेलं दिसली नव्हती फारशी.

सड्यावरचा

सडा सपाट असतो पण गुळगुळीत नसतो, जांभ्याला भोकं आणि कंगोरे असतात, आईंना काठी आणि मजबूत चपला द्या, हात धरून थोडं अंतर जमेल. नाही जमलं तर त्यांना कनकादित्याच्या देवळात बसवा, सूर्याचं देऊळ आहे, लाकडी काम बघण्यासारखं आहे, सावली आणि पाणी दोन्ही मिळतं आणि गुरव बोलका असला तर ती मूर्ती गलबतातून कशी आली आणि गलबत पुढे हलेना ती गोष्ट ऐकत त्यांचा तास सहज जाईल. आमच्या मातोश्री तर कातळशिल्पापेक्षा तीच गोष्ट सगळ्यांना सांगत होत्या.

दिवस असा लावा. पुळ्याहून साडेसहाला निघा, पोरांना झोपेतच गाडीत घाला, आरे-वारेमार्गे रत्नागिरी, पुढे भाटे, पावस. वाटेत चहा सोडून कुठे थांबू नका, पूर्णगड वगैरे परतताना. साडेआठच्या सुमाराला कशेळीच्या सड्यावर असायला पाहिजे. तिथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, म्हणजे जमिनीवर पसरलेला, आणि त्याच्या पोटात परत छोटे मोठे प्राणी आणि मासे. तो एका नजरेत मावत नाही. आधी सोंड शोधायची, मग तिथून बाहेरची रेघ धरून कडेकडेने चालत पूर्ण फेरी मारायची, पाय रेघेवर नको, तेव्हा कुठे डोक्यात हत्ती तयार होतो. पोरांना हे काम द्या, ती पुढे आणि तुम्ही मागे.

दहा साडेदहाला ऊन चढलं की देऊळ, मग देवघळीला कड्यावरून समुद्र बघायचा. जेवण आडिवऱ्याच्या बाजूला घरगुती खानावळीत होईल पण आदल्या दिवशी फोन करून माणसं आणि शाकाहारी की मासे ते सांगून ठेवा, न सांगता दोन वाजता दारात उभं राहिलात तर कोकम सरबतावर भागवावं लागेल. दुपारी तिथेच लोळा. आडिवऱ्याची महाकाली बघा. चार वाजता देवीहसोळ, आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आहे, तिथे प्राणी नाही, मोठा चौकोन आणि आत नक्षी, कशासाठी काढली याचं उत्तर कोणाकडे नाही, तुमच्या मेहुण्याला डोकं चालवू दे. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो, त्याच्या आधी सड्यावरून गाडीकडे निघा, तिथे दिवे नाहीत.

बारसू मुद्दाम सांगत नाही, मोह होईल कारण राजापूर पुढेच आहे, पण मग सगळंच धावतपळत होतं. पाणी माणशी दोन बाटल्या, टोप्या, आणि सड्यावर जायच्या आधी बाथरूम उरकून घ्या कारण वर झाड पण नाही आडोसा पण नाही. गाईडचे पैसे आदल्या दिवशीच बोलून घ्या, आणि त्याला नुसतं अर्धा दिवस असं सांगू नका, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही वेळा पाहिजे म्हणून सांगा, नाहीतर तो तुम्हाला देवीहसोळला भर दुपारी उरकून आणेल आणि मग तुम्ही पण इथे येऊन सरळबोल्यांसारखं लिहाल.

सरळबोल्या

वाचतोय मी. मार्चमध्ये परत जायचा विचार आहे, सकाळी. त्या उक्षीच्या हत्तीला मुंबईहून ट्रेनने येऊन जाता येईल का, कोकण रेल्वेवर उक्षी स्टेशन आहे ना?

सड्यावरचा

स्टेशन आहे, संगमेश्वर रोड आणि भोके यांच्या मधे, पुढे लगेच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. पण लांबच्या गाड्या तिथे थांबत नाहीत, पॅसेंजर थांबते. त्यापेक्षा रत्नागिरीला उतरा, रात्री मुक्काम करा आणि पहाटे रिक्षा किंवा गाडी ठरवून या. मार्चमध्ये येताय तर साडेसातलाच सड्यावर पोचा, नऊनंतर परत तुमचे पाय भाजतील. आणि शिमगा बघून या, पालख्या नाचायला लागल्या की गावात माहितगार माणूस शोधून मिळायचा नाही, तो पालखीखाली असतो.